ग्रंथपालांना इंटरनेट शिकवायचंय, हातात दोन दिवस आहेत. काय शिकवू, काय गाळू?

जुनी_जिल्द | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे (सरकार वाचनालयांना 'अ' ते 'ड' असे वर्ग देतं). यंदा एकोणीस वर्षं होतील. पुढच्या महिन्यात आमच्याकडे आसपासच्या तीस-पस्तीस 'क' आणि 'ड' वर्ग वाचनालयांच्या ग्रंथपालांसाठी दोन दिवसांचं शिबिर आहे. विषय: 'ग्रंथालयीन कामात इंटरनेटचा वापर'. शिकवायला येणारं माणूस ऐन वेळी गळालं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आमच्या पट्ट्यात कीबोर्डवर मराठी टाइप करणारी ग्रंथपाल मी एकटीच आहे, असा समज आहे.

काही वर्षांपूर्वी असंच एक शिबिर मी समोर बसून केलंय. कुठलं, ते सोडा. सकाळी संगणकाचे भाग, 'सीपीयू हा संगणकाचा मेंदू'. मग पेंटमध्ये घर काढा. दुपारभर प्रत्येकाचा ईमेल उघडणे. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांच्यासाठी शिकवणाऱ्या मुलाने स्वतःचा नंबर द्यायला सुरुवात केली. चार-पाच खाती झाली आणि 'हा नंबर आता वापरता येणार नाही' असं यायला लागलं. त्यात चहा झाला. संध्याकाळी प्रमाणपत्र. त्या दिवशी उघडलेल्या माझ्या खात्याचा पासवर्ड मला आजतागायत माहीत नाही.

मला तसं करायचं नाही. पण मग काय करायचं, तेही धड कळत नाही.

आणि एक खरी अडचण सांगते. गेल्या आठवड्यात एक आजोबा आले. रोज पेपर वाचायला येतात, तेच. विचारतात, "बाई, आपल्या गावचा आठवडी बाजार कधीपासून भरतो, हे कुठे लिहिलेलं असेल?" मी गावाचं नाव आणि 'आठवडी बाजार इतिहास' असं टाकून अर्धा तास शोधलं. कांद्याचे भाव आले, एक बैलाचा व्हिडिओ आला. आजोबा म्हणाले, "राहू द्या, तुम्हाला काम असेल." तेव्हापासून ते टोचतंय.

---

सातवा_कप्पा | सोमवार, रात्री १०:०५

एमएस-सीआयटी करून घेतली का सगळ्यांची? नसेल तर महाराष्ट्रात माणूस संगणकसाक्षर धरत नाहीत. माझ्या काकांनी केली, ९१ टक्के. अजून माउस दोन्ही हातांनी धरतात.

---

वाळूघड्याळ | सोमवार, रात्री १०:३२

ताई, राग मानू नका. मी रत्नागिरी जिल्ह्यात 'ड' वर्ग वाचनालय चालवतो. चालवतो म्हणजे मीच उघडतो, मीच झाडतो, मीच देवघेव करतो, मीच अहवाल भरतो. 'ड' वर्गाला पूर्वी वर्षाला ३० हजार अनुदान होतं. मग ६० टक्के वाढ झाली, म्हणजे ४८ हजार. त्यातलं निम्मं पगाराला. हिशेब करा: महिन्याला दोन हजार. आमच्याकडे आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला जाणारा पोरगा हे चार दिवसांत कमावतो.

ह्या दोन हजारांत मोबाइलचा रिचार्जही माझाच. वाचनालयाला वायफाय नाही, छत गळतं ते कपाट आम्ही ओढत ओढत कोपऱ्यात नेलंय. आणि शिबिराला आलं की कोणीतरी ब्लेझर घातलेला माणूस सांगतो, 'ग्रंथपालाने आता ज्ञानव्यवस्थापक व्हायला हवं'. व्हायला काय, होऊ. पण आधी पोट भरण्याची सोय सांगा.

राज्यात अशी अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत. बहुतेक ठिकाणी माझ्यासारखा एकच माणूस आहे. तुम्ही शिकवा जरूर. फक्त एसटीचं भाडं द्या हो त्यांना.

---

जुनी_जिल्द | सोमवार, रात्री १०:५०

@वाळूघड्याळ, राग कसला. अक्षरन् अक्षर खरं आहे. भाड्याचं उद्याच विचारते. पगाराचं माझ्या हातात नाही, पण दोन हजारांवर काम करणाऱ्या माणसाचे दोन दिवस वाया घालवायचे नाहीत, एवढं तरी माझ्या हातात आहे. म्हणून तर विचारतेय.

---

रविवारचा_सभासद | मंगळवार, सकाळी ७:१५

एक वाचक म्हणून विचारतो, गैर वाटून घेऊ नका. मला काही हवं असेल तर मी फोन काढतो आणि शोधतो. ग्रंथपालाला इंटरनेट शिकवून मला काय मिळणार? मला त्यांच्याकडून नवीन दिवाळी अंक वेळेवर मिळाले तरी पुष्कळ.

---

जुनी_जिल्द | मंगळवार, दुपारी १:२०

दिवाळी अंकांचं मान्य. पण एक सांगते. मागच्या भरतीच्या वेळी आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी फोन घेऊन आली. पोलीस भरतीचा फॉर्म, सगळी माहिती भरून झालेली, शेवटी ३५० रुपये भरायचे, यूपीआयचा कोड समोर. म्हणाली, "मॅडम, तुमचा स्कॅनर चालतो का, माझा फोन अडकतोय." मी सहज वर पत्ता बघितला. नावात 'महा' होतं, 'पोलीस' होतं, 'गव्ह'सुद्धा होतं. शेवट मात्र डॉट कॉम. सरकारी साइटचा शेवट बहुतेक गव्ह डॉट इन असतो. मधे कुठे गव्ह असून चालत नाही, शेवटीच लागतं. तिला दाखवलं. ती म्हणाली, "पण गुगलवर सगळ्यात वर हीच होती." वर होती, कारण ती जाहिरात होती. बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं.

तिच्या आधी आमच्याच अभ्यासिकेतल्या दोघांनी पैसे भरलेले निघाले. तुम्हाला सापडतं हो, सगळ्यांनाच सापडतं. सापडलेलं खरं कुठलं, हे बघणारं कुणीतरी टेबलाशी बसलेलं असावं, एवढंच.

---

रविवारचा_सभासद | मंगळवार, दुपारी २:०३

हे मी धरलं नव्हतं. माघार.

---

तालिका_आणि_तंटा | मंगळवार, सायंकाळी ६:४४

मी पुण्यात महाविद्यालयीन ग्रंथपाल. आमच्याकडे चित्र वेगळं: गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट संस्थेचं 'सोल' हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, विद्यार्थ्यांना ई-नियतकालिकं, सगळं आहे. आणि तरीही सांगतो, प्रशिक्षणं तिथेही तशीच होतात. बटणं शिकवतात.

माझा सल्ला एकच. पहिला अर्धा दिवस एकही यंत्र सुरू करू नका. प्रत्येकाला कागद द्या आणि गेल्या महिन्यात टेबलाशी कुणी काय विचारलं आणि देता आलं नाही, ते लिहायला सांगा. खरे प्रश्न, खऱ्या माणसांचे. मग ते प्रश्नच तुमचा अभ्यासक्रम.

आणि त्यांना एक गोष्ट सांगा, जी त्यांना कुणी सांगत नाही. त्यांना शोध घेता येतो. चांगला येतो. वाचक म्हणतो, "ते डॉक्टरचं पुस्तक द्या." आपण विचारतो: कादंबरी की अनुभव? कुणी सांगितलं वाचायला? डॉक्टर बाई होती की पुरुष? तीन प्रश्नांत पुस्तक हातात. गुगलला ह्यातलं काहीच विचारता येत नाही, त्याला जेवढं टाकलं तेवढंच कळतं. म्हणजे ते तीन प्रश्न आधी आपण विचारायचे आणि उत्तरं खिडकीत टाकायची. टेबलावरची विद्या तीच, फक्त कपाट बदललं.

तुमच्या आजोबांनाच तुम्ही हे तीन प्रश्न विचारले होते का?

---

जुनी_जिल्द | मंगळवार, रात्री ८:१०

नाही विचारले. थेट टाइप करत सुटले. चांगलं पकडलंत.

---

कीबोर्डवाले_काका | मंगळवार, रात्री ११:५८

बऱ्याच उशिरा आलो, पण माझा आवडता विषय निघालाय, त्यामुळे लांबण लागणार. क्षमस्व.

तीस-पस्तीस वाचनालयांपैकी निदान दहांनी कधीतरी कुणाला तरी पैसे देऊन पुस्तकांची यादी टाइप करून घेतलेली असणार. ती यादी श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी घराण्यातल्या फाँटमध्ये असणार. म्हणजे पडद्यावर मराठी दिसतं, आत असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की चिनी भाषेसारखी दिसते, आणि मग 'व्हायरस आला' म्हणून पुसून टाकतात. माझ्या डोळ्यांदेखत एका वाचनालयाची सहा हजार पुस्तकांची यादी अशी गेली. पुसू नका! फाँट परिवर्तक आहेत, फुकट आहेत, ऐंशी-नव्वद टक्के काम होतं. उरलेलं हाताने. रफार आणि जोडाक्षरं बहुतेक वेळा घाण करतात, तेवढी तपासायची.

आता युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच दिसणारी अक्षरं, झालं तरी संपत नाही. तीन खड्डे आहेत.

'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्ता दिलेला र, दुसऱ्यात साधा र आणि मधे न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. यादीत एका तऱ्हेने असेल आणि तुम्ही दुसऱ्या तऱ्हेने शोधलं, की 'पुस्तक उपलब्ध नाही'. पुस्तक समोरच्या कपाटात असतं.

तसंच 'ॲ'. कुणी एकसंध अक्षर वापरतं, कुणी अ काढून त्यावर चंद्र देतं. ॲडव्होकेट, ॲटम, सगळे गायब.

तिसरा खड्डा आपला घरचा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची पुस्तकं. नावात 'कांहीं', 'नाहींत'. दाखलनोंदीत मुखपृष्ठावर होतं तसं उतरवलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. पण शोधणारा 'काही' टाकतो. उपाय: यादीत एक जादा रकाना ठेवा, 'शोधासाठी नाव', त्यात आजच्या पद्धतीने लिहा.

आणि कृपा करून त्या मंडळींना इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकवा. आठ दिवस त्रास होतो. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, आपल्या वर्णमालेच्या शिस्तीत. रोमनमधून मराठी टाइप करायला इंग्रजी स्पेलिंग यावं लागतं. ज्यांचं इंग्रजी सातवीत सुटलं त्यांना इन्स्क्रिप्ट सोपा जातो, हे मी शंभरदा बघितलंय.

---

सातवा_कप्पा | बुधवार, सकाळी ८:३०

काका, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावतो. (गंभीरपणे.)

---

मेपलची_पानं | बुधवार, सकाळी ९:१२

न्यू जर्सीहून. इथल्या आमच्या गावच्या लायब्ररीत संदर्भ टेबलाशी बसणाऱ्या बाई आहेत. करभरणीच्या दिवसांत त्यांच्यापुढे रांग असते. लोक फॉर्म कुठला ते विचारतात, नोकरीचा अर्ज संगणकावर कसा भरायचा ते विचारतात. बाई फॉर्म भरून देत नाहीत, काय भरा तेही सांगत नाहीत, फक्त योग्य पानापर्यंत नेऊन सोडतात. ही सीमारेषा त्यांना प्रशिक्षणात शिकवलेली असते. तुमच्याकडे ती शिकवाच. नाहीतर उद्या अर्जात चूक झाली की 'मॅडमनी भरला होता' असं होईल.

दुसरं, एक गंमत. इथे बसून मला मराठी पुस्तकं कशी मिळाली सांगते. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत १९६२ पासून कार्यालय आहे. पीएल-४८० चा, म्हणजे अमेरिकेहून रुपयांत यायचा तो गहू आठवतोय का? त्या धान्याचे रुपये भारतातच साठले होते, त्यातून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवली गेली. शिकागोसारख्या ठिकाणी जुन्या मराठी पुस्तकांचा केवढा मोठा साठा आहे! आणि त्यांच्या नोंदी इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतात. लेखकाचं जन्मवर्ष, प्रकाशन, ड्यूईचा वर्गांक (पुस्तकं विषयवार लावायचा आकडा), सगळं. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, त्याच्यापुढचे आकडे तिथे तयार. नावं मात्र बऱ्याचदा रोमन लिपीत, डोक्यावर रेघा दिलेली, त्यामुळे मराठीत टाकून शोधलं तर निराशा होते.

---

वाळूघड्याळ | बुधवार, सकाळी ११:००

वा. म्हणजे आजोबांनी तो गहू खाल्ला, आणि पुस्तकं गेली शिकागोला.

(वर्गांकाचं म्हणाल तर आमच्याकडे कपाटावर खडूने लिहिलंय: 'कादंबरी', 'बायकांची', 'देवाची', 'इतर'. वाचक चुकत नाहीत.)

---

कागदवाला | बुधवार, दुपारी ४:१८

छोटा प्रकाशक आहे. शिबिरात एक तास माझ्या वतीनेही घ्या ही विनंती. वाचनालयांच्या व्हॉट्सॲप गटांवर चालू पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात, आणि पाठवणारे कधीकधी ग्रंथपालच असतात. 'वाचनसंस्कृती' म्हणून. मागच्या वर्षी माझ्या एका पुस्तकाची पीडीएफ मला माझ्याच गिऱ्हाईकाने 'सर, छान आहे, वाचा' म्हणून पाठवली.

---

तालिका_आणि_तंटा | बुधवार, सायंकाळी ५:०२

@कागदवाला, पूर्ण सहमत. नियम सोपा आहे आणि सगळ्यांना पाठ व्हावा: आपल्याकडे लेखक गेल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन खुलं. पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथांचे हक्क संपायची वेळ आली तेव्हा ती ६० केली. अनुवाद असेल तर अनुवादकाची तारीख वेगळी बघायची. आणि आर्काइव्ह डॉट ऑर्ग ह्या साइटवर आहे म्हणजे खुलं आहे, असं नाही. तिथे कुणी काय चढवलंय, ते चढवणाऱ्यालाच ठाऊक.

फुकट आणि रीतसर असं पुष्कळ आहे, ते दाखवा. वाईच्या मराठी विश्वकोशाचे वीसही खंड साइटवर आहेत. राज्य मराठी विकास संस्थेने जुनी दुर्मीळ पुस्तकं चढवली आहेत. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्याच साइटवर शोधता येतो. मराठी कोशांसाठी बृहद्कोश बघा, एकाच खिडकीत अनेक कोश. शासन निर्णय तर बहुतेक सगळे शासनाच्या साइटवर असतात. त्यावरचा संगणक संकेतांक टाकला की नेमका निर्णय समोर. 'जीआर आहे म्हणे' अशा वावड्या तिथल्या तिथे संपतात.

---

जुनी_जिल्द | शुक्रवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. यादी केली आहे. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर दाखवू का, हे अजून ठरत नाही. कोहा फुकट आहे, एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे. ग्रंथालय संघाचे लोक म्हणतात, कोहा दाखवाच, बरं दिसतं.

---

कीबोर्डवाले_काका | शुक्रवार, रात्री १०:४०

कोहा उत्तम आहे. २००० साली न्यूझीलंडच्या एका ग्रामीण भागातल्या वाचनालयासाठीच तयार झालं. मावरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पण ते बसवायला, सांभाळायला माणूस लागतो. तीन-चार हजार पुस्तकांच्या वाचनालयाला साधा तक्ता पुरे. दाखल क्रमांक, नाव, शोधासाठी नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत, कपाट. रकाने सगळ्यांचे एकसारखे ठेवा. उद्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ओतता येतील. आज दिसायला बरं म्हणून कोहा दाखवाल तर घाबरून पळतील.

---

जुनी_जिल्द | पाच आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ३:३०

झालं बाई एकदाचं. वृत्तांत देते, सावकाश वाचा.

चौतीस जण आले, त्यात बारा बायका. एसटीचं भाडं नाही म्हणजे नाहीच मिळालं. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून त्या तरी आल्या असं एकजण म्हणाला, आणि ते खरं असावं. लांबच्या दोन गावांचे पुरुष आलेच नाहीत. @वाळूघड्याळ, तुमचं म्हणणं मी उद्घाटनातच जसंच्या तसं वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. व्यासपीठावर बसलेल्यांनी पाणी प्यायलं.

पहिल्या सकाळी चिठ्ठ्या. सुरुवातीला कुणी लिहीना. 'आमच्याकडे कोण काय विचारतंय, पुस्तक नेतात नि आणतात.' मग एका मामांनी लिहिलं: 'सुनेचं नाव रेशनकार्डात कसं चढवायचं?' तिथून बांध फुटला. एकूण एकसष्ट चिठ्ठ्या. भिंतीवर चिकटवल्या. निम्म्याहून जास्त कुठल्या ना कुठल्या अर्जाच्या, दाखल्याच्या, सातबाराच्या. मग शाळेचे प्रकल्प. मग 'अमुक लेखकाचं अजून काय आहे'. तीन औषधांच्या. एक चिठ्ठी अशी: 'वडील १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावावर कामाला होते, त्याची नोंद कुठे असेल?' ती वाचून सगळे गप्प झाले. ती अजून सुटलेली नाही. कुणाला काही सुचलं तर सांगा.

ते तीन प्रश्न आम्ही नाटकासारखे केले. एकाने वाचक व्हायचं, एकाने ग्रंथपाल. इथे मला शिकवायची गरजच पडली नाही. एका ताईने तर पाचव्या वाक्यात वाचकाकडून काढून घेतलं की त्याला सातबारा नकोच आहे, त्याला भावाने परस्पर वाटणी केली का ते बघायचंय. मग सांगितलं, सातबारा आपण दाखवू, फेरफारासाठी तलाठ्याकडे पाठवू, आणि पुढे वकिलाचं काम, तिथे आपण नाही. न्यू जर्सीच्या बाईंची सीमारेषा मला फळ्यावर काढावीच लागली नाही.

दुपारी यंत्रं सुरू केली आणि वीस मिनिटांत वायफाय झोपलं. चौतीस फोन एकदम. मग वीज गेली. म्हटलं, चला, हेच तर तुमच्या वाचनालयात होणार आहे. ज्यांच्या फोनला रेंज होती त्यांच्याभोवती पाच-पाच जणांचे घोळके केले, आणि खरं सांगते, त्याने काम बरंच चाललं. एकाच्या हातात फोन, चौघं सांगणारे.

रेशनकार्डवाले मामा अठ्ठावन्न वर्षांचे. टाइप करायला बोटं थरथरतात. त्यांना बोलून टाइप करायचं दाखवलं. ते फोनवर ओरडल्यासारखे बोलले, आपल्या सोलापुरी ठसक्यात. फोनने 'रेशन'चं 'रेशीम' केलं. दुसऱ्यांदा 'मिशन'. तिसऱ्यांदा मामांनी बातम्या वाचल्यासारखं एकेक शब्द सोडवून म्हटलं आणि बरोबर आलं. "ह्याच्याशी पुण्याच्या पाव्हण्यागत बोलावं लागतंय," म्हणाले. दोन दिवस मग ते प्रत्येकाशी तसंच बोलत होते.

फाँटचा तास काकांच्या प्रतिसादावरच घेतला. सात जणांकडे जुन्या याद्या निघाल्या, दोघांच्या 'व्हायरसने गेल्या' होत्या. एकाची पेनड्राइव्हवर शाबूत होती. ती तिथेच परिवर्तकातून काढली. पडद्यावर चिन्हांच्या जागी पुस्तकांची नावं आली तेव्हा त्या माणसाने उठून जवळ जाऊन वाचली. तेरा वर्षांपूर्वीची यादी. टाइप करणारी मुलगी आता लग्न होऊन लातूरला आहे, एवढंही त्याने सांगितलं.

इन्स्क्रिप्टला मात्र हार पत्करली, काका. चौघांनी घेतला. बाकीचे बोलूनच टाइप करणार.

पीडीएफवरून वाजलं. एक सर म्हणाले, गावात पुस्तक पोचत नाही, अनुदानाचा हप्ता वेळेवर येत नाही, मुलांनी वाचायचं तरी काय. त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. साठ वर्षांचा नियम सांगितला, विश्वकोश आणि जुनी पुस्तकं दाखवली. ते म्हणाले, "मुलांना जुनं नको असतं." खरं आहे तेही. तिथेच सोडलं.

कोहा दाखवावंच लागलं, पाहुण्यांसाठी. कुणाला काही कळलं नाही. फोटो चांगले आले.

आता बाजाराचं. दुसऱ्या दिवशी मी माझीच चिठ्ठी भिंतीवर लावली होती. आणि हो, @तालिका_आणि_तंटा, त्याआधी आजोबांना गाठून तुमचे प्रश्न विचारून घेतले होते. कशाला हवंय, तर बाजाराच्या जागेवरून ग्रामपंचायतीत वाद चाललाय आणि त्यांना 'बाजार जुना आहे' एवढं कागदावर दाखवायचंय. म्हणजे इतिहास नकोच होता, जुना सरकारी कागद हवा होता. हे सांगितल्याबरोबर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मग गॅझेटियर." जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, सोलापूरचा खंड, विसावा, १८८४ चा. आर्काइव्हवर आहे. पण सापडेना. सोलापूर असं टाकून येत नव्हता. शेवटी त्यालाच आठवलं की इंग्रज शोलापूर लिहायचे, एसनंतर एच. तो एच टाकला आणि आला. मग गावाच्या नावाचीही तीच कसरत. आम्ही पाच स्पेलिंगं करून बघितली, चौथं लागलं. पान इंग्रजीत. त्यावर फोनचा कॅमेरा धरून मराठी केलं. भाषांतर वेडंवाकडं होतं, पण गावाचं नाव, वस्ती, आणि दर आठवड्याला बाजार भरतो हे नीट कळत होतं. पूर्ण खोली ओरडली. क्रिकेटला ओरडतात तशी.

ते पान छापून सोमवारी आजोबांना दिलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं. बाजार आहे म्हटल्यावर खूश झाले. मग वार बघितला आणि कपाळाला आठी. आमचा बाजार गुरुवारी असतो. पुस्तकात मंगळवार आहे.

"हे चूक आहे," म्हणाले. "साहेबाला कुणीतरी भलतंच सांगितलं असणार." आणि कागदाची घडी करून खिशात घालून ग्रामपंचायतीकडे गेले.

---

वाळूघड्याळ | रविवार, सायंकाळी ५:१०

पाझर तलावाच्या चिठ्ठीसाठी: त्या वेळची हजेरीपत्रकं कुठल्या खात्याकडे जमा झाली, ते तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारून बघायला सांगा. माहितीच्या अधिकारात लेखी अर्ज द्यावा, तोंडी विचारलं तर 'नाही' म्हणतात. सापडेलच असं नाही.

आणि ताई, पुढचं शिबिर कोकणात घ्या. भाडं माझं मी बघेन.